गाऱ्हाण्याचा हक्क

लाँड्रीत तिला सगळ्या फटिंगताई म्हणत. मूळ शब्द सडाफटिंग, पण मशीनच्या आवाजात हाक मारायला तो लांब पडायचा, म्हणून पुढचा 'सडा' गळाला आणि मागे मानाचं 'ताई' चिकटलं. नवरा नाही, पोरं नाहीत, मागे कसलं लटांबर नाही, म्हणजे ही सडाफटिंग, असा निकाल बायकांनी ती कामाला लागली त्याच आठवड्यात लावून टाकला होता. तिनं तो खोडला नाही. पहिल्या दिवशी जे सांगायचं राहतं ते दुसऱ्या दिवशी जरा जड जातं, आणि वर्षं उलटली की ते उचलायला चार माणसं लागतात. फटिंगताईचं तसंच झालं होतं.

खरं पाहता ती सडी नव्हती आणि फटिंग तर मुळीच नव्हती. अठरा वर्षं तिचा चांगला भरला संसार चालू होता, फक्त समोर नवऱ्याऐवजी बाई होती. ही बाई शहरात बस चालवायची; लाँड्रीत ती 'एकत्र राहणारी मैत्रीण' एवढीच ऐकून ठाऊक होती. अंगानं दणकट, आवाज खणखणीत, हसली की जिन्यातून जाणारा माणूसही उगाच हसायचा. फटिंगताई तिला लाडानं ड्रायव्हरीणबाई म्हणायची. दोघींचं तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर होतं, एकच पलंग होता, आणि खिडकी उघडी ठेवून झोपायचं की लावून, यावर इतक्या वर्षांत न मिटलेलं एक भांडणही होतं. संसाराला याहून जास्त काय लागतं? हो, एक लागतं. सासू. तीही होती.

सासू म्हणजे ड्रायव्हरणीची आई. गुडघे गेलेले, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. पलीकडच्या खोलीत खुर्चीत बसून ती सगळं घर चालवायची. चहा फिका, भाजी खारट, दार लावलं तर "कोंडून घातलं" आणि उघडं ठेवलं तर "वाऱ्यावर सोडलं." पोटच्या मुलीला म्हातारी चकार शब्द बोलायची नाही, बोलणी खायची ती फटिंगताईनं. पण घरी कोणी आलं की ओळख करून देताना म्हणायची, "ही आमच्या मुलीची मैत्रीण. इथेच राहते." म्हणजे सासूपणाचे सगळे हक्क वसूल करायचे आणि सून मात्र म्हणायचं नाही. फटिंगताईला हे लागायचं, पण म्हातारीशी वाद घालून कोणी जिंकलेलं तिनं पाहिलं नव्हतं.

लाँड्री बायकांनी मिळून काढलेली होती. मालक कोणी नाही, सगळ्या भागीदार, आणि दर महिन्याला सभा. हॉस्पिटलांतून आणि हॉटेलांतून चादरी, टॉवेल, टेबलावरची कापडं गाठोड्यांनी यायची. धुण्यापिळण्याचं काम मशीन करायच्या, पण मोठ्या चादरीची घडी मात्र दोघींनी मिळून घालायची. एकीनं दोन टोकं धरायची, दुसरीनं दोन, ताणून झटकायचं, दुमडायचं, मग चालत एकमेकींजवळ येऊन टोकं जुळवायची आणि पुन्हा लांब जायचं. त्यामुळे तिथलं बोलणंही तसंच चालायचं. लांब असताना मोठ्यानं, जवळ आल्यावर कुजबुजत. "काल आमच्या घरी ना," हे साऱ्या लाँड्रीला ऐकू जायचं, आणि पुढे काय झालं ते टोकं जुळताना कानात. नव्या बाईला सगळ्या गोष्टी अर्ध्याच कळायच्या आणि तिचा जीव टांगणीला लागायचा.

घडीच्या बाबतीत फटिंगताईचा हात धरणारी कोणी नव्हती. तिची कड कडेवर अशी बसायची की हॉटेलवाले गाठोडं सोडल्यावर ओळखायचे, आज हिची पाळी होती. आणि अशी ही बाई घरी टॉवेल घडी करून कपाटात ठेवायची, की म्हातारी काठी टेकत यायची, एकेक टॉवेल बाहेर काढायची, उकलायची, मांडीवर घेऊन आपल्या पद्धतीची तिघडी घालायची आणि परत ठेवायची. रोज. हिच्या डोळ्यांदेखत. वर म्हणायची, "काही नाही गं, जरा नीट ठेवते."

आता ही गोष्ट सांगावी कोणाला? ड्रायव्हरणीला सांगितली तर ती म्हणायची, "जाऊ दे, म्हातारीला तेवढाच विरंगुळा." शेजारणींना घडीतलं काय कळणार? ती कळली असती फक्त लाँड्रीतल्या बायकांना, आणि नेमकी तिथेच सांगायची चोरी होती.

दुपारी मशीन थांबल्या की इस्त्रीच्या लांब टेबलावर डबे उघडत, आणि डब्यांबरोबर सासवाही. कोणाची दुधाच्या पातेल्यावर पहारा देणारी, कोणाची फोनवरून मुलीला चहाड्या सांगणारी. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ते त्या टेबलावर रोज सिद्ध व्हायचं. फटिंगताईची घडीची जोडी होती जाऊबाई. तिची प्रत्येक गोष्ट जावेपासून सुरू होऊन सासूवर संपायची, म्हणून हे नाव. ती सांगायला लागली की बाकीच्यांचे घास हातात राहायचे. फटिंगताई मूग गिळून ऐकायची. मधेच तिचे ओठ हलले की कोणीतरी म्हणायचं, "तू आपली मजेत जेव बाई. तुला ना सासू, ना सासुरवास." झालं, ओठ परत मिटायचे. घरात एक नंबरची सासू असून ही उपरी!

यात हसण्यासारखं आहे, पण फटिंगताईला ते हसण्यासारखं वाटायचं नाही. गाऱ्हाणं करायला मिळणं ही लहान गोष्ट नव्हे. आपण ते करतो, चार जणी "अगं बाई" म्हणतात, एखादी पाठीवर हात ठेवते, आणि मग संध्याकाळी त्याच घरात परत जायला माणूस ताजं होतं. हिला ते कधी मिळालं नव्हतं. उलट बायकांना तिची कणव यायची. जाऊबाईनं तर एकदा लाँड्रीचं कुलूप बिघडल्याच्या निमित्तानं एक विधुर कुलूपवाला आणून उभा केला. त्यानं फटिंगताईला न्याहाळलं, फटिंगताईनं कुलूप न्याहाळलं, आणि दुरुस्ती झाल्यावर दोघंही आपापल्या वाटेनं गेली.

एवढं सगळं चालून गेलं. अडलं ते सुट्टीपाशी.

वर्षाच्या पहिल्या सभेत प्रत्येकीनं आपली सुट्टी मागायची अशी पद्धत होती. आधी पोरंवाल्या, मग नुसत्या लग्नाच्या, मग नवरा गेलेल्या, आणि उरलंसुरलं फटिंगताईला. त्यामुळे उन्हाळा तिच्या वाट्याला कधी आलाच नाही. ड्रायव्हरणीच्या डेपोत मात्र मोठी सुट्टी उन्हाळ्यातच मिळायची, थंडीत जेमतेम एखादा दिवस. दोघींनी मिळून उन्हात समुद्रावर जायचं, हे बोलणं इतकी वर्षं नुसतं बोलण्यातच राहिलं होतं.

त्या वर्षी सभेत पुस्तकवाली उभी राहिली. ही सकाळी कॉलेजात शिकायची आणि दुपारी लाँड्रीत काम करायची. वाळवण्याच्या मशीनपाशी बसूनही पुस्तकात डोकं.

"ही पद्धत चूक आहे," ती म्हणाली. "लग्न केलं की पहिली निवड, नाही केलं की उष्टं. म्हणजे लग्न ही एक सवलतच झाली की!"

"सवलत?" जाऊबाई उडालीच. "थांब, आत्ता देते तुला. नवरा, सासू, जाऊ, सगळं एकत्र. घरपोच पाठवते."

सभा हसून लोळली. पुस्तकवाली हलली नाही. "तुम्हाला त्रास नाही असं मी कुठे म्हणते? आहेच. पण त्रासाबरोबर मानही आहे, तो कोणी परत करत नाही. आणि मुळात आपल्याला विचारलं कोणी? लहानपणापासून मुलीला विचारतात, नवरा कसा हवा? हवा का, हे कोणी विचारतं? एखादीला बाईच आवडत असेल, तर तसंही जगता येतं, हे तर सांगतच नाहीत. एकच दार उघडं ठेवायचं, आणि मग म्हणायचं, बघा, सगळ्या कशा आपणहून याच दारानं आल्या!"

फटिंगताईनं समोरचा धुतलेला रुमाल उचलला आणि त्याची घडी घालायला घेतली. तो आधीच घडी घातलेला होता.

"उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. त्या मोठ्या मशीन सांभाळायच्या आणि सभाही तशीच सांभाळायच्या. "पोरं अंगावर घेऊन इथे उभं राहा, मग बोल. बाईला बाई म्हणे! असलं इथे काही काढायचं नाही."

"मला विचारलं असतं ना," इस्त्रीवाली म्हणाली, "तर मी नवऱ्याऐवजी एक चांगली वाफेची इस्त्री मागितली असती." पुन्हा हशा झाला. इस्त्रीवालीचा नवरा मागेच वारला होता, त्यामुळे तिला असं बोलायची मुभा होती. हशा ओसरल्यावर ती म्हणाली, "पण पोरगी अगदीच खोटं बोलत नाही हो. माझा माणूस गेला तेव्हा तुम्ही सगळ्या दारात होतात. माझं काम वाटून घेतलंत, मला बसून रडू दिलंत. उद्या फटिंगताईचं कोणी गेलं, तर आपल्याला कळेल तरी का?"

सगळ्यांनी फटिंगताईकडे पाहिलं. तिच्या मनात आलं, उद्या बसला काही झालं, तर परवा आपण इथे चादर झटकत उभ्या असू, आणि बायका म्हणतील, मैत्रीण गेली का, अरेरे, वाईट झालं. आणि मशीन सुरू होतील. हे तिला इतकं स्पष्ट दिसलं की तिला कोणाकडे बघवेना. बायकांना वाटलं, बिचारीला आपल्या एकटेपणाचं दुःख झालं. त्यांचीही मनं हलली, हात वर झाले, आणि ठरलं: यंदापासून एकट्या बाईला पहिली निवड. अध्यक्षीणबाईंनी नाराजीनं का होईना, मान्य केलं. टाळ्या वाजल्या. जाऊबाईनं तिला पुढे ढकललं. "माग, फटिंगताई! भर उन्हाळा माग!"

आणि तिनं भर उन्हाळा मागून घेतला.

संध्याकाळी ड्रायव्हरीण हे ऐकून स्वयंपाकघरात नाचलीच. समुद्र, छत्री, उघडी खिडकी, सगळं तिनं एका दमात ठरवलं. मग विचारलं, "पण यंदा एकदम तुझा नंबर कसा लागला?"

फटिंगताईनं सांगितलं. सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला.

"एकटी म्हणून?" ड्रायव्हरीण खाली बसली. "आणि मी कोण? या घरातलं कपाट?"

"अगं, मी कुठे काही म्हटलं? त्यांनीच ठरवलं."

"मी डेपोत सांगितलं तेव्हा महिनाभर माझ्या बसच्या काचेवर काय काय लिहिलेलं असायचं, ते तुला माहीत आहे. मी रोज पुसायचे आणि गाडी काढायचे. तू तसंच करावंस असं मी कधी म्हटलं नाही. झाकली मूठ तुझी, तुला झेपेल तेव्हा उघड. पण गप्प बसणं वेगळं आणि एकटी म्हणून बक्षीस घेणं वेगळं. मी मेले तर होशील एकटी. आजपासूनच कशाला होतेस?" ती रागानं बोलत नव्हती, हेच वाईट होतं. "ती सुट्टी एकटीची आहे ना? मग एकटीच जा. मी येणार नाही."

पलीकडच्या खोलीतला टीव्ही मधेच बारीक झाला होता. म्हातारीनं सगळं ऐकलं असणार, पण ती काही बोलली नाही. त्या घरात हे पहिल्यांदाच घडत होतं.

दुसऱ्या दिवशी फटिंगताईनं जाऊबाईला सांगायचं ठरवलं. रात्रभर वाक्यं जुळवली होती. चादर ताणली, झटकली, लांबून म्हणाली, "मला तुला एक सांगायचंय." चालत जवळ आली. टोकं जुळली, जाऊबाईनं कान पुढे केला, आणि फटिंगताईच्या मनात आलं, हे ऐकून ही मागे सरकली तर? पुन्हा इतक्या जवळ आलीच नाही तर? चादर एकटीनं घडी होत नाही.

"काय गं?" जाऊबाईनं विचारलं.

"सुट्टीचं," ती म्हणाली.

"मौज कर," म्हणून जाऊबाई पुढच्या चादरीकडे वळली.

दुपारी डबे उघडले. जुळवलेली वाक्यं फटिंगताईकडे तशीच पडून होती. जाऊबाईची गोष्ट नेहमीप्रमाणे जावेवरून सासूवर आली होती. "मी केलेल्या भाजीत परत मीठ घालते," ती सांगत होती. "माझ्यासमोर! चव न बघता!"

"अगं बाई," सगळ्या म्हणाल्या.

"मिठाचं काय घेऊन बसलीस!" फटिंगताई ओरडली. किती जोरात ते तिलाही कळलं नाही. "माझी सासू माझ्या घड्या उकलते!"

सगळ्यांचे घास हातात राहिले.

"तुझी कोण?" जाऊबाईनं विचारलं.

"सासू. माझ्या बसवालीची आई." आता सुटलंच होतं तर सगळंच सुटलं. "ती माझी मैत्रीण नाही. म्हणजे आहेच, पण नुसती नाही. अठरा वर्षं आमचा संसार आहे, आणि अठरा वर्षं ती म्हातारी माझा प्रत्येक टॉवेल कपाटातून काढते, उकलते, आणि परत घडी घालते. माझा! मी घातलेली घडी! आणि मला म्हणते, जरा नीट ठेवते. कोणाला सांगू मी हे? तुम्हाला नाही सांगायचं तर कोणाला सांगू?"

बोलता बोलता तिला रडू फुटलं. अध्यक्षीणबाईंनी आपल्या डब्याचं झाकण लावलं, उठल्या, आणि डबा घेऊन मशीनच्या खोलीत निघून गेल्या. पुस्तकवालीचा चेहरा उजळला. ती उभी राहून म्हणाली, "बघा, मी काल हेच म्हणत होते, की समाज जेव्हा..."

"थांब गं तू," इस्त्रीवाली म्हणाली. "समाज नंतर. सासूचं ऐकू दे."

जाऊबाईचा चेहरा मात्र उतरला होता. "अठरा वर्षं," ती शेवटी म्हणाली. "मी माझ्या घरातलं हाडन् हाड तुझ्यासमोर काढून ठेवलं, आणि तू नुसती ऐकत बसलीस? मी तुझ्यासाठी कुलूपवाला आणला, तेव्हा तरी सांगायचंस! काय वाटलं असेल तुला!"

"कुलूप चांगलं दुरुस्त केलं त्यानं," फटिंगताई नाक ओढत म्हणाली.

जाऊबाई हसली नाही. तिनं फटिंगताईच्या डब्यात आपल्या डब्यातली भाजी वाढली, आणि मग एकदम तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "परत घालते म्हणजे कशी घालते?"

"तिघडी."

"मोठ्या टॉवेलला?"

"मोठ्या टॉवेलला."

"अगं बाई!" सगळं टेबल एका आवाजात म्हणालं. तिघडी घातलेला मोठा टॉवेल कपाटात कसा फुगतो, कसा घसरतो, हे तिथे कोणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. एकीनं कपाळाला हात लावला. इस्त्रीवाली म्हणाली, चार दिवस सासूचे आणि चार दिवस सुनेचे हे सगळं थोतांड आहे, सासूचे चार दिवस संपतच नाहीत. कोणीतरी फटिंगताईच्या पाठीवर हात ठेवला. तो कोणाचा होता हे तिनं मागे वळून पाहिलं नाही, हललं तर तो निघून जाईल असं तिला वाटलं.

मशीन सुरू व्हायच्या वेळी अध्यक्षीणबाई दारात आल्या. फटिंगताईकडे न बघता म्हणाल्या, "एकटी नाहीस, तर पहिली निवड गेली तुझी."

"गेली," फटिंगताई म्हणाली.

"मग लग्नाच्यांच्या रांगेत घ्या तिला," पुस्तकवाली म्हणाली. ते पुढच्या सभेत बघायचं ठरलं, आणि त्या दिवसानंतर बराच काळ अध्यक्षीणबाई टेबलावर जेवायला आल्या नाहीत. सगळंच काही गोड झालं नाही. पण दुपारी जाऊबाईनं चादरीची दोन टोकं तिच्याकडे फेकली, चालत पार नाकासमोर आली, टोकं जुळवली आणि कुजबुजली, "आता म्हातारीचं बाकीचं सांग. एकही गोष्ट गाळायची नाही."

संध्याकाळी ड्रायव्हरीण कामावरून येऊन बूट काढत होती. फटिंगताई समोर जाऊन उभी राहिली. "सांगितलं मी."

"काय सांगितलंस?"

"तुझी आई कशी आहे ते."

ड्रायव्हरणीनं एक बूट हातात धरून तिच्याकडे पाहिलं. हळूहळू तिच्या लक्षात आलं, तशी ती हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. "सगळ्यांना?"

"सगळ्यांना. उन्हाळा गेला पण."

"जाऊ दे. थंडीत जाऊ, नेहमीसारखं. स्वेटर घालून बसू समुद्रावर."

"काय सांगितलंस माझ्याबद्दल?" पलीकडच्या खोलीतून आवाज आला. कान शाबूत होतेच.

दोघी आत गेल्या. म्हातारी खुर्चीत ताठ बसली होती, काठी आडवी मांडीवर.

"तुम्ही माझ्या घड्या उकलता ते सांगितलं," फटिंगताई म्हणाली. आज तिला भीती वाटत नव्हती.

"कामावरच्या सगळ्या बायकांना?"

"हो."

म्हातारीनं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "कोण म्हणून सांगितलंस? मैत्रीण म्हणून? परक्या बाईनं माझी नालस्ती केलेली मी ऐकून घेणार नाही."

फटिंगताईनं ड्रायव्हरणीचा हात धरला. "सून म्हणून सांगितलं."

म्हातारीनं काठी बाजूला ठेवली.

"मग हरकत नाही," ती म्हणाली. "सुनेला तेवढा हक्क असतो."